आवाज ओळखीचा नाही

मागच्या महिन्यात दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते. पुढचा नंबर पुकारला तसा समोरच्या खुर्चीवरचा माणूस उठला आणि हातातली घडीची पांढरी काठी त्यानं एका झटक्यात उलगडली. शेजारी बसलेले गृहस्थ लगबगीनं पुढे झाले, त्यांनी त्याचा दंड पकडला आणि त्याला दाराकडे ढकलायला लागले. ढकलायलाच, चांगल्या मनानं चाललेलं असलं तरी त्याला दुसरा शब्द नाही. तो जागच्या जागी थांबला. रागावला नाही, जरासं हसून म्हणाला, "तुम्ही नका धरू, मी धरतो." मग स्वतःचा दंड अलगद सोडवून त्यानं त्या गृहस्थांच्या कोपराला हात लावला, अर्धं पाऊल मागे राहिला आणि दोघं नीट चालत आत गेले.

ते वाक्य कानावर पडलं आणि मी त्याला ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखलंच नसतं. आता दाढी होती, अंगानं भरला होता, कपाळ मागे गेलं होतं. पण 'तुम्ही नका धरू, मी धरतो' हे त्यानं मला अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या पेपरच्या दिवशी, पायऱ्यांपाशी अगदी ह्याच सुरात सांगितलं होतं. तो बाहेर येईपर्यंत मी मनातल्या मनात सगळी जुळवाजुळव करून ठेवली. नऊ पेपर. दोन वर्षं. काय बोलू, काय विचारू. वीसेक मिनिटांनी तो आला. अर्धा गाल बधिर झालेला, ओठ एका बाजूला ओघळलेला. मी जवळ जाऊन म्हटलं, "ओळखलंस का?"

त्यानं मान डावीकडे कलती केली. ही कलती मानही माझ्या ओळखीची होती. दोन क्षण गेले. मग तो बधिर ओठांनी, शब्द सांभाळत म्हणाला, "आवाज ओळखीचा नाही. कोण आपण?"

नाव सांगायचं, एवढंच तर होतं. नाव सांगितलं असतं, तर पुढच्या मिनिटाला आम्ही हसत असतो. मी म्हटलं, "माफ करा, माझी गल्लत झाली." तो "असू दे, असू दे" म्हणाला आणि काठी टेकवत निघून गेला. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, जबडा फार आवळून धरलाय, जरा सैल सोडा.

नाव का नाही सांगितलं, हे मी पुढचे कितीतरी दिवस स्वतःला विचारत होते. खरं उत्तर ओशाळवाणं आहे. नाव सांगूनही त्याला आठवलं नसतं तर? त्याची मला भीती वाटली. म्हणजे अकरा वर्षं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एक खातं उघडं होतं, आणि ते उघडं आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. 'त्यात काय एवढं' असं मी त्या वेळी लोकांना सांगायचे. कुणी कौतुक केलं की विषय बदलायचे. आणि हे सगळं करत असताना आत कुणीतरी गुपचूप जमेच्या बाजूला आकडे मांडत बसलं होतं. शिवाय तो 'ओळखलंस का'मधला 'स'! तिशीच्या माणसाला, कुठलीही प्रस्तावना न करता, मी एकेरीत हाक मारली होती. उपकारकर्त्याचा हक्क म्हणतात तो असा एका अक्षरात बाहेर पडतो.

मी लेखनिक झाले त्याचं कारण चांगुलपणा नव्हतं, रिकामपण होतं. एक नोकरी सुटली होती, दुसरी लागायची होती. मधल्या काळात कुणीतरी विचारलं, एका दृष्टिहीन मुलाला परीक्षेला लेखनिक हवाय, ऐनवेळी ठरलेल्या मुलीला जमत नाहीये. मला वेळ होता. नोकरी असती तर मीही हळहळले असते आणि नाही म्हटलं असतं. हे मी विनयानं म्हणत नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आहे, १९७३ साली प्रसिद्ध झालेला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणसंस्थेतले चाळीस विद्यार्थी त्यांनी घेतले आणि एकेकाला दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एका दारात एक माणूस खोकत, कण्हत, गळून बसलेला. ज्यांना 'भरपूर वेळ आहे' असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के काही ना काही मदतीसाठी थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलं होतं त्यांच्यातले थांबले १० टक्के. गंमत म्हणजे त्यांतल्या निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता बायबलातली ती परोपकारी शोमरोनी माणसाची गोष्ट, वाटेत पडलेल्या जखमी वाटसरूला मदत करणाऱ्याची. विषयानं फारसा फरक पडला नाही. काही जण तर त्याच गोष्टीवर बोलायच्या घाईत त्या माणसाला ओलांडून गेले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते. आता तेवढं हसू येत नाही. माझ्या हातात घड्याळ कसं होतं, एवढ्यावरच माझी सगळी परोपकारी कारकीर्द उभी आहे.

लेखनिकाचं काम बाहेरून वाटतं तसं सोपं नसतं, आणि वाटतं तसं थोरही नसतं. प्रश्न वाचून दाखवायचा, पण सपाट. कुठल्याही शब्दावर जोर द्यायचा नाही, कारण जोर दिला की ती सूचना होते. 'योग्य पर्याय निवडा' म्हणताना चारही पर्याय एकाच उंचीवर ठेवायचे, पहिला असो की चौथा. मी घरी आरशासमोर उभी राहून सराव केला होता. आपल्या बोलण्यात किती चढउतार असतात, किती आवडनिवड असते, हे ते पुसायला गेल्यावर कळतं. मग तो सांगेल ते, तो सांगेल तसं, लिहायचं. त्यानं स्वल्पविराम म्हटलं की स्वल्पविराम. वाक्य अर्धवट सोडून तो विचारात पडला की पेन कागदावर टेकवून गप्प बसायचं. वाक्य कुठे चाललंय हे मला दिसत असायचं, पुढचा शब्द माझ्या जिभेवर तयार असायचा, आणि तो गिळायचा. तीन तासांत माझ्या वाट्याचे दोनच शब्द होते. एक वाक्य लिहून झालं की, "झालं." आणि तो फारच वेळ थांबला तर, "पुढे?"

तिसऱ्या की चौथ्या पेपरला तो प्रसंग घडला. त्यानं एका उत्तरात दोन सिद्धांतांची अदलाबदल केली. पहिल्याची व्याख्या दुसऱ्याच्या नावावर. अगदी साधी, घाईतली चूक. मला ती दिसली आणि माझा हात थांबला. मी मुद्दाम थांबवला नाही, तो आपोआप थांबला. खोलीत पंख्याचा आवाज, पर्यवेक्षकांच्या चपलांची चटचट. त्यानं मान कलती करून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. पेन." आणि त्यानं सांगितलं होतं ते, चुकीसकट, लिहून टाकलं. तो पुढे सांगत गेला. पेपर संपल्यावर पायऱ्या उतरताना, माझ्या कोपराला धरून, तो सहज म्हणाला, "ताई, तुम्ही थांबलात तेव्हाच मला कळलं की काहीतरी चुकलंय. काय चुकलंय तेही कळलं. पण मग ते माझं उत्तर राहिलं नसतं."

मला काय बोलावं सुचेना. उरलेल्या पायऱ्या आम्ही न बोलता उतरलो. तो विशीतला मुलगा, त्याचे मार्क गेले होते, आणि मला मात्र वाटत होतं की मीच कुठेतरी पकडली गेलेय. कारण हात आपोआप थांबला हे खरं असलं, तरी 'पेन' म्हणून मी थाप मारली तेव्हा मनात एक आशा होती. त्यानं ओळखावं. बदलावं. मग त्याच्या यशात माझाही एक अदृश्य वाटा राहिला असता. त्यानं तो वाटा मला, न दुखावता, नाकारला होता. तुम्ही नका धरू, मी धरतो.

आपल्या भाषेत मदतीचं बोलणं किती लवकर वजनाकडे आणि वहीकडे जातं बघा. उपकाराचं ओझं असतं. उपकाराखाली माणूस दबतो. उपकार फेडायचे असतात, कर्जासारखे. आणि फेडता नाही आले तर माणूस मिंधा होतो. 'मिंधा' हा शब्द मला फार नेमका वाटतो, नजर खाली गेलेला शब्द आहे तो. मदत करणाऱ्यासाठी आपल्याकडे दाता, उपकारकर्ता, परोपकारी असे छाती पुढे काढलेले शब्द आहेत. घेणाऱ्यासाठी कृतज्ञ किंवा कृतघ्न, एवढेच दोन. त्यानं ह्या दोनांतलं एक व्हायचं. तिसरा पर्याय, म्हणजे मदत घेतली आणि आपल्या वाटेनं निघून गेला, त्याला शब्दच नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण सांगताना 'अनुपकारिणे' असा शब्द येतो, जो परत काही करू शकणार नाही त्याला दिलेलं. लगेच पुढच्या श्लोकात राजस दानाचं वर्णन आहे: परतफेडीसाठी दिलेलं, फळावर नजर ठेवून दिलेलं, आणि 'परिक्लिष्ट', म्हणजे जिवावर येत दिलेलं. लहानपणी पाठ केलं तेव्हा मी स्वतःला अर्थातच पहिल्या श्लोकात बसवलं होतं. आता वाटतं, माणूस देतो पहिल्या श्लोकात आणि आठवण ठेवतो दुसऱ्यात.

ह्या दिवसांत मला जेम्स हॅरिसन ह्या ऑस्ट्रेलियन माणसाची आठवण वारंवार येत होती. चौदाव्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली, अनोळखी लोकांच्या रक्तावर तो जगला, आणि कायद्यानं परवानगी मिळताच, १९५४ साली, त्यानं रक्तदान सुरू केलं. पुढे कळलं की त्याच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड भरपूर आहे. आईचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह असला, तर आईचं शरीर बाळाच्या रक्तपेशींना परकं समजून त्यांच्यावर हल्ला चढवायला शिकतं. पहिलं मूल बहुधा सुटतं, पुढच्यांवर बेततं. हॅरिसनसारख्यांच्या रक्तद्रवातून बनवलेलं अँटी-डीचं इंजेक्शन आईच्या शरीराला हे शिकूच देत नाही. २०१८मध्ये वयाच्या मर्यादेमुळे थांबवलं जाईपर्यंत त्यानं ११७३ वेळा दान केलं. त्यातून वाचलेल्या बाळांचा अंदाज २४ लाखांच्या घरात सांगतात. २०२५च्या फेब्रुवारीत तो गेला. पण ह्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला त्याची एक बारीकशी गोष्ट लक्षात राहिली आहे. त्याला सुईची भीती वाटायची. सुई शिरताना तो कधीच तिकडे बघत नसे, नजर दुसरीकडे वळवायचा. चौसष्ट वर्षं! आणि पलीकडे ती लाखो बाळं, ज्यांनी त्याला पाहिलं नाही, ज्यांच्यातल्या बहुतेकांना तो होता हेही माहीत नाही. देणाऱ्याचं तोंड तिकडे, घेणाऱ्याचं इकडे. मधल्या नळीतून काम चाललेलं. कुणी मिंधं नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकाला निकोलस विंटन ह्यांचं ते प्रसिद्ध दृश्य. १९३९ साली नाझींच्या तावडीतून सोडवून प्रागमधून ६६९ मुलांना ब्रिटनमध्ये सुखरूप आणायची खटपट ह्या माणसानं केली आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्याबद्दल फारसं कुणापाशी बोलला नाही. १९८८मध्ये टीव्हीच्या एका कार्यक्रमात त्याला प्रेक्षकांत बसवलं, आणि मग कळलं की त्याच्या आजूबाजूला बसलेत ती तीच मुलं, आता प्रौढ झालेली. तो चष्मा वर करून डोळे पुसतो. मीही ते बघताना दर वेळी रडले आहे. ह्या वेळी पुन्हा लावलं तेव्हा मात्र मन नको तिकडे गेलं. आपल्याला तो क्षण एवढा का हवा असतो? पन्नास वर्षं कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा त्या मुलांचं वाचणं काही कमी पडलं होतं का? त्यांनी शिक्षणं केली, संसार केले, नातवंडं पाहिली, आभार कुणाचे मानायचे हे ठाऊक नसताना. ते दृश्य त्यांच्यापेक्षा आपल्यासाठी आहे असं मला वाटायला लागलं. हिशेब जुळला, खातं बंद झालं, आता झोप लागेल. (दवाखान्यात मला ह्याचीच एक छोटीशी आवृत्ती हवी होती. कॅमेरे नसते तरी चाललं असतं.)

मग एका रात्री, झोप येत नसताना, हिरव्या साडीतली बाई आठवली.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हाची गोष्ट. बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात नातेवाइकांसाठी लोखंडी खुर्च्या होत्या आणि त्या खुर्च्यांवर आम्ही बारा रात्री काढल्या. आम्ही म्हणजे मी आणि ती. तिचा नवरा आत होता. तिचं नाव मी विचारलं होतं, आता आठवत नाही. मला बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि ती जागी राहायची. आतून नाव पुकारलं की माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटून उठवायची, दचकू नये म्हणून. नवव्या रात्री डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, तेव्हा ती न बोलावता येऊन उभी राहिली. माझं मनगट तिनं घट्ट धरलं होतं. डॉक्टरांचे शब्द मला आज आठवत नाहीत. तिच्या बोटांची पकड आणि तिच्या हाताला येणारा जंतुनाशकाचा वास आठवतो. सह्या कुठे करायच्या ते तिनंच दाखवलं. वडील गेल्यावर निघताना मी तिचा फोन नंबर घेतला. नक्की फोन करते म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं.

मी फोन केला नाही. आठ-दहा महिन्यांनी ती मला रस्त्यात दिसली. पलीकडच्या फुटपाथवरून येत होती, हातात पिशवी. बरी दिसत होती. तिनं मला पाहिलं की नाही कोण जाणे. मी पाहिलं, आणि वळून सरळ उलट्या दिशेनं चालायला लागले. छातीत धडधडत होतं, काहीतरी चोरून पळाल्यासारखं. ती समोर आली असती तर तिच्या मागोमाग तो व्हरांडा आला असता, ती ट्यूबलाइट, त्या खुर्च्या, ते पुकारणं. तिनं माझ्यासाठी जे केलं ते त्या बारा रात्रींत इतकं मुरलं होतं की त्यातून तिला एकटीला वेगळं काढणं मला जमेना. तिचा नवरा वाचला का, हेही मला माहीत नाही. विचारायला थांबायला हवं होतं. एवढ्या वर्षांत मी ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. आणि परीक्षेचे पेपर लिहिल्याची मात्र, विषय बदलत बदलत का होईना, बऱ्याच जणांना कळली आहे.

म्हणजे त्यानं विसरणं हे तब्येतीचं लक्षण असेल? त्याच्यासाठी ती दोन वर्षं काय होती, मला काय माहीत. दर पेपरला कुणाच्यातरी हातावर अवलंबून राहायचं, तो हात वेळेवर येईल ना ह्या धास्तीत रात्र काढायची. ते मागे टाकून तो पुढे गेला असेल, तर मीही त्या मागे टाकलेल्या सामानातच असणार. ही समजूत मला दोन दिवस पुरली. मग वाटलं, ही तर फारच सोयीची झाली. ह्यातही मी त्याच्या आयुष्यातलं एक मोठं काहीतरी उरतेच, विसरण्याजोगं मोठं. स्वतःला महत्त्व देण्याच्या वाटा संपत नाहीत.

एक मात्र नक्की सांगता येतं, त्याचं नाही, माझं. त्या नऊ पेपरांनंतर मी दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करायचं सोडलं. ठरवून नव्हे. आधी मला ती खोड होती. समोरचा शब्द शोधायला लागला की मी तो पुरवायचे, बहुतेकदा चुकीचा. आता कुणी अडखळलं की माझा हात अजूनही पेन टेकवल्यासारखा टेबलावर थांबतो आणि मी गप्प राहते. वयानुसार आईला शब्द सापडेनासे झाले, तेव्हा ह्याचा फार उपयोग झाला. घरातले सगळे तिला शब्द सुचवायचे, ती चिडायची, शेवटी बोलणंच सोडायची. मी थांबायचे. कधी कधी एका शब्दासाठी मिनिटभर लागायचं. पण तो तिचा असायचा, आणि मिळाला की ती माझ्याकडे जिंकल्यासारखी बघायची. हे मला त्या मुलानं दिलं. त्याला माहीत नाही, आणि ते माहीत नसल्यानं त्याचं काही अडलेलं नाही.

बॅटसननं पुढे सगळी कारकीर्द माणसाची मदत खरोखर निःस्वार्थ असू शकते का, हे तपासण्यात घातली. १९८१च्या एका प्रयोगात लोकांना पडद्यावर एक मुलगी विजेचे झटके सोसताना दिसायची (झटके खोटे होते) आणि त्यांना निघून जायची मुभा असायची. तिच्याबद्दल ज्यांच्या मनात कणव जागी झाली होती ते दार उघडं असूनही बहुतेक थांबले आणि तिची जागा घ्यायला तयार झाले. नुसतं स्वतःचं अवघडलेपण टाळायचं असतं तर ते निघून गेले असते, असा त्याचा मुद्दा. मला तो पटतो. ती हिरव्या साडीतली बाई उठून आली तेव्हा तिलाही खुर्चीत बसून राहता आलं असतं, तिचं दुःख तिच्यापाशी पुरेसं होतं. पण नंतर काय होतं, अकरा वर्षांनी, हे प्रयोगशाळेत कसं मोजणार?

परवा रात्री भांडी आवरून झाल्यावर माझ्या एकदम लक्षात आलं. मी दवाखान्यात त्याच्याशी माझ्या आवाजात बोलले होते. उत्साहानं, चढ्या सुरात, लाडानं. हा आवाज त्यानं फारसा ऐकलेलाच नव्हता. पायऱ्यांवर बोलायचा तो. मी मुकाट असायचे. तासन् तास त्याच्या कानांत गेला होता तो दुसराच आवाज, घासून सपाट केलेला, कुणाचाच नसलेला. त्या आवाजात मी नुसतं "पुढे?" म्हटलं असतं, तर?

टेबलावर कुठल्याशा उपकरणाची माहितीपुस्तिका पडली होती. ती उचलली, दिव्याखाली धरली आणि वाचायला लागले. सावकाश, एकाही शब्दावर न रेलता, सगळे शब्द एका उंचीवर. पहिल्या दोन ओळी जमल्या नाहीत. मग जमलं. आवाज आपला आपण लागला, इतक्या वर्षांनी. परिच्छेद संपला, मी थांबले, आणि सवयीनं म्हटलं, "पुढे?"

आतल्या खोलीतून मुलीनं विचारलं, "आई, कोण आलंय गं?"